सासूबाई टॅरंटुला निवडतात

कोळ्याच्या घरात कोळी, हा विनोद निमेशच्या ऑफिसात सगळ्यांचा करून झालाय, तुम्ही नका करू. मला पाल दिसली तरी घाम फुटतो, आणि माझ्या नवऱ्याला, ह्या निमेशला, पाळायचा होता टॅरंटुला. तळहाताएवढा, केसाळ कोळी! शी!

पण घरात चालतं सासूबाईंचं. सोनूबाई म्हटलं की अख्खा जुहू कोळीवाडा ओळखतो. चाळीस वर्षं बाजारात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकल्यात. आमचा मोती कुत्रा गेला तेव्हा मात्र आठ दिवस धड जेवल्या नव्हत्या. निमेशला त्यांनी एकच अट घातली. "माझ्या डोल्यांसमोर मरेल असं जनावर मना घरात नको. मीच येते बघायला."

बोरीवलीचा सुयोग घरीच टॅरंटुला वाढवून विकतो. आम्ही तिघं गेलो तेव्हा त्याने तीन पारदर्शक डबे मांडले. निमेशचा जीव पहिल्यावर. "गोलायथ! सगळ्यात मोठा, यार!"

सासूबाईंनी डब्यावर टिचकी मारली. तो पुढचे पाय उगारून उभाच राहिला.

"मेला चावायला बघतो. नवशिक्याला नाय द्यायचा असला."

"खरंय आजी," सुयोग म्हणाला, "अंगावरचे केस पण उडवतो. खाजवून वाट लागते." निमेशचं तोंड एवढंसं झालं.

दुसरा चाको जातीचा, गुडघ्यांवर सोनेरी पट्टे. हाही मोठा, पण संथ. टिचकी मारली तरी ढिम्म. मी दाराला पाठ लावून देवाचं नाव घेत होते.

"पोट दाखव," सासूबाई म्हणाल्या. सुयोगने डबा वर धरला. चिंबोरी पारखतात तसंच त्यांनी खालून निरखलं. "पाय लांबडे, पोट सुकलेलं. नर हाय ना रे?"

सुयोग चपापला. "हो. नर थोडीच वर्षं जगतात."

"मग मना कशाला दाखवतोस?"

तिसऱ्या डब्यात त्याच जातीची मादी होती, चांगली गरगरीत.

"ही किती जगेल?"

"नीट सांभाळली तर वीस वर्षं."

सासूबाई अडुसष्टच्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि खुशीत हसल्या. "मना पुरून उरेल. हीच घे, निमेशा."

निमेश नाचायचाच बाकी होता. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ह्याचं काय खरं नाय. मी गेल्यावर हिला तूच बघ गो, नमिता. उपाशी नको ठेवू."

मला रडू येत होतं. तशीच डब्याजवळ गेले. "सुयोग, ही खाते काय?"

"आठवड्याला एक झुरळ. जिवंत लागतं."

मी सासूबाईंना हो म्हणाले.