मागच्या चाकांची गळती

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझं नेमणुकीचं पत्र इंग्रजीत होतं, म्हणून वडिलांनी ते शाळेतल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं होतं. नव्वदच्या दशकात मी बंगळूरला आलो तो जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. साहेबांनी ऑफिसच्या जुन्या जीपची देखभाल माझ्याकडे सोपवली. या विश्वासाचं मला इतकं अप्रूप होतं की, एका रविवारी मी स्वतः जीपखाली शिरून गंज लागू नये म्हणून सगळा तळ काळ्या रंगाने रंगवून काढला.

पंधरा दिवसांत मागची दोन्ही चाकं गळू लागली. चाकाच्या मधल्या हबमधून तेल उतरून ब्रेकच्या लायनरवर यायचं आणि ब्रेक धरेनासा व्हायचा. ऑफिसच्या गाड्यांचं काम बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या एका मेकॅनिककडे असे. पन्नाशीचा माणूस, रोज सकाळी देवनहळ्ळीहून बसने यायचा. आमच्या ड्रायव्हरलासुद्धा ‘सार’, म्हणजे सर, म्हणायचा. मी दुकानातून तेल अडवणारे ऑइल सील आणून दिले. त्याने हब उतरवले, पुसले, सीलच्या आतल्या कडेला बोटाने ग्रीस लावलं आणि लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी हलके ठोकत ते बसवले. आठ दिवसांनी पुन्हा तेल. दुसऱ्यांदा बदलले, पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मी माझ्या मोडक्या हिंदीत त्याला सांगितलं की, सील तिरके बसताहेत. त्याने वाद घातला नाही. हात पुसले, पान्याने जीपखाली, चाकं जोडणाऱ्या ॲक्सलकडे खूण केली आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. शेजारच्या शेडमध्ये मडगार्ड ठोकणं चाललं होतं. मला ऐकू आलं ते एवढंच :

“हेसरु नोडी, सार. मोदलु हेसरु.”

हेसरु म्हणजे नाव. खोली शोधताना प्रत्येक दारात विचारलं जायचं, म्हणून मी शिकलेला तो पहिला कन्नड शब्द. नाव बघा, आधी नाव. म्हणजे तुम्ही आणलेल्या सीलवरचं नाव बघा, माल डुप्लिकेट आहे, असं तो मला सुनावतोय, असं मी समजलो. ते मला झोंबलं.

“माल बरोबर आहे,” मी म्हणालो, “हात चुकतोय तुमचा.”

तो “सरी, सार,” बरं साहेब, म्हणाला आणि सील बसवायला वाकला.

चाकं पुन्हा गळली तेव्हा मी साहेबांना इंग्रजीत अर्ध्या पानाची नोट लिहिली : याच्या कामावर भरवसा ठेवता येत नाही. साहेबांनी ती वाचून, छान लिहिलंय, म्हटलं. त्याच आठवड्यात ऑफिसच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडून काढून घेतल्या गेल्या. आणि साहेबांनी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं, असं मी घरी पत्रात कळवलं.

नव्या गॅरेजने बसवलेले सील नऊ दिवस टिकले. एका दुपारी कामावरून परतताना आम्ही जीप झाडाखाली उभी केली. तेल किती उरलंय ते बघावं म्हणून मी तापलेल्या ॲक्सलचा प्लग सैल केला, तर फुस्स आवाज करत हवा सुटली आणि तेल माझ्या बाहीवर उडालं. शेजारी उकिडवा बसलेला ड्रायव्हर हसला. “उसिरु बिट्तु,” म्हणाला.

मी अर्थ विचारला. त्याने छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडून दाखवला. “उसिरु, सार. सांस.”

मी तसाच जीपखाली शिरलो. ॲक्सलच्या माथ्यावर बटणाएवढी एक टोपी असते. आतली हवा तापली की तिच्यातून बाहेर पडते. माझ्या काळ्या रंगाने ती पार लिंपून गेली होती. कोंडलेली हवा बिचाऱ्या सीलमधून तेल ढकलत होती. मेकॅनिक त्या दिवशी ‘उसिरु’ म्हणाला होता, ‘हेसरु’ नव्हे. रंग मी टाचणीने खरवडून काढला. त्यानंतर बसवलेले सील वर्षानुवर्षं गळले नाहीत.

महिन्याभराने मी शिवाजीनगरात गेलो तेव्हा मेकॅनिकच्या शेडवर दुसऱ्याची पाटी होती. आमच्या गाड्या गेल्यावर त्याला शेडचं भाडं परवडेना, असं शेजाऱ्याने सांगितलं. तो मला देवनहळ्ळीत सापडला. बस स्टँडजवळ ताडपत्रीखाली शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करत होता. मी त्याला सगळं सांगितलं, रंगाचं, नोटचं, हेसरुचंही. तो मोठ्याने हसला. पंप घेऊन आलेल्या माणसालाही त्याने ते सांगितलं, आणि तोही हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हेसरु होयितु, सार. उसिरु इदे. साकु.” नाव गेलं, श्वास आहे, पुरे. त्याने चहा मागवला, तो मी प्यालो.

परतताना ठरवलं की, उद्याच दुसरी नोट लिहायची : चूक माझी होती, गाड्या त्याच्याकडे परत द्याव्यात. पण मला कायम करायला दोन महिने बाकी होते. कायम झालो की लिहू, असं म्हटलं. कायम झालो तेव्हा, आता जुनी गोष्ट उकरून काय काढायची, असं वाटू लागलं. मसुदा मी दोनदा केला होता. इंग्रजी पहिल्या नोटपेक्षा चांगलं उतरलं होतं.

तो मसुदा माझ्याच खणात राहिला. पहिली नोट मात्र फाइलला होती. नवीन मुलं कामाला लागली की साहेब ती काढून त्यांना दाखवत, मोजक्या शब्दांत कसं लिहावं याचा नमुना म्हणून. मी समोरच बसलेला असे.