म्हात्रेबाईंची मापनी

बाईंची पहिली भेट झाली ती एका शुक्रवारी. शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग सुट्टीमुळे बंद, त्यामुळे आमच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात भलतीच शांतता होती. मी पीएचडीसाठी मार्गदर्शकाच्या शोधात दारात उभी आणि डॉ. सुलभा म्हात्रे खिडकीबाहेर बघत तंद्रीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "या, बसा. आज माणसांचे आवाज ऐकू येतात, नाही?" मला वाटलं, या बाई कसलं मार्गदर्शन करणार!

शिक्षणातल्या नव्या गोष्टींबद्दल लोकांना काय वाटतं, ते मोजणारी प्रश्नावली बाईंनी उमेदीची वर्षं घालून तयार केली होती. 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत खुणा करायच्या. या मापनीमुळेच त्यांचं नाव झालं. मुलांच्या अभ्यासातल्या एआयबद्दल पालकांचं मत मी तिनेच तपासलं. जवळच्या अंजूर गावचे पालक जवळजवळ सगळे एआयच्या बाजूने, 'पूर्ण सहमत'. मी खुशीत होते.

बाई म्हणाल्या, "आता त्यांच्याशी नुसतं बोलून या." सोबत त्याही आल्या. दुपारी खाडीकडून झुळूक येत होती, डोळे जड झाले होते. ओटीवर वाल सोलता सोलता एक आई म्हणाली, "चांगला हाय तो एआय. पोरीला सगला समजावतो. पन आता ती मला काय इचारत न्हाय."

"मग तुमची खूण चुकली का?" मी विचारलं.

"न्हाय गो, ती बी खरीच."

अशा मुलाखती वाढत गेल्या. मापनीत या दुःखाला जागाच नव्हती. विभागातले हितचिंतक म्हणाले, मुलाखती प्रबंधाच्या परिशिष्टात टाका, नाहीतर बाईंच्या आयुष्यभराच्या कामावर शंका येईल. बाईंनी डोळे मिटून सगळी ध्वनिमुद्रणं ऐकली. मग शांतपणे म्हणाल्या, "मापनी खोटं बोलली नाही. पण हे तिला ऐकूच आलं नाही. तसंच लिहा." मापनीची येऊ घातलेली नवी आवृत्तीही त्यांनी स्वतःहून थांबवली. त्या दिवशी मला रडू आवरलं नाही.

आता साठीत त्यांनी नवीच पद्धत धरली आहे. अंजूरच्या त्याच पालकांच्या मुलींना दरवर्षी भेटायचं, त्या स्वतः आया होईपर्यंत. हे पूर्ण कधी होणार, असं कुणी अदबीने विचारलं, तर म्हणतात, "बघू की. मुली लहान आहेत अजून."

म्हणून बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, हे आम्ही विद्यार्थी केवळ रीत म्हणून मागत नाही. त्या मुली आया होतील, तेव्हा त्यांच्या ओटीवर बसून ऐकायला आम्हाला बाईच हव्या आहेत.