धरलेली जागा

२१ फेब्रुवारी, दुपार. कॉलेजच्या खेळाडूंचं सामान सांभाळायचं काम माझ्याकडे; मी टीमच्या जर्सी धुऊन हँगरला लावत होते. इथे अमेरिकेत आमच्या कॉलेजच्या आइस हॉकी टीमचा व्हार्सिटी, म्हणजे कॉलेजची अधिकृत टीम म्हणून हा पहिलाच सीझन, आणि संध्याकाळी आमच्याच बर्फाच्या रिंकवरची शेवटची मॅच होती. शेजारचे काका प्रत्येक मॅचला माझ्याच गाडीतून येतात.

माकडटोपी, स्वेटरवर स्वेटर. गोल कुणीही केला तरी टाळ्या वाजवतात. "काका, तो समोरच्यांचा होता!" म्हटलं तर म्हणतात, "मग काय झालं? मारला छान ना!" स्टँड निम्मा रिकामा असतो, तरी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून मुलासाठी जागा धरतात. तो ऑफिसमधून परस्पर येणार असतो. सीझनभर एकदाही आला नाही.

त्या संध्याकाळी काम आटोपून मी स्टँडमध्ये त्यांच्याकडे गेले. काका म्हणाले, "बस, पण या बाजूला. ती खुर्ची त्याची आहे."

मॅच संपत आली तेव्हा त्यांचा फोन वाजला. "हो रे, मीटिंग आहे, कळतं मला. जेवून घे," एवढंच बोलले. मग त्यांनी रुमाल उचलला आणि दोन्ही हातांत धरून बसले. आमच्या मुलांनी जिंकणारा गोल मारला, सगळे उभे राहिले. काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

रुमाल माझ्या गाडीतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुऊन, इस्त्री करून मी त्यांच्या दारात गेले. म्हटलं, "काका, पुढच्या महिन्यात बेसबॉल सुरू होतोय. तिथेही मला आत काम असतं, स्टँडमध्ये यायला उशीर होतो. माझी जागा तुम्ही धरायची."