चाखणाऱ्या बाईंचं पोट

डेअरीत बाईंचं काम एकच होतं. दूध तोंडात घ्यायचं आणि ते खरं बोलतंय की खोटं, ते सांगायचं. यंत्रं होती, नाही असं नाही. फॅट मोजणारं होतं, पाणी पकडणारं होतं. पण दुधाला गंजक्या टाकीचा वास लागलाय का, गाईने कडू पाला खाल्लाय का, हे अजून कुठल्या यंत्राला कळत नव्हतं, ते बाईंच्या जिभेला कळायचं. त्यांनी मान डोलावली की टँकरला पाइप जोडला जायचा. नाही डोलावली तर अख्खा टँकर आल्या पावली परत. त्यामुळे धिप्पाड ड्रायव्हरसुद्धा त्यांच्यापुढे हात बांधून उभे राहायचे आणि उगाचच तब्येतीची चौकशी करायचे.

खरं तर चाखणाऱ्याने दूध तोंडात घोळवून थुंकायचं असतं. भिंतीवर तशी पाटी होती आणि पाटीखाली बेसिनही होतं. पण या डेअरीत चाखणारा थुंकत नसे. ही रीत बाईंच्या वडिलांनी घातलेली. तेही इथेच चाखायचे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस पहाटे उठून लांबून दूध घेऊन येतो. त्याच्या डोळ्यांदेखत ते थुंकणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच आहे. आधी गिळायचं, मग खुशाल नापास करायचं. वडिलांच्या मागे बाईंनी ही रीत इमानेइतबारे चालवली. सकाळी पंचवीस-तीस नमुने, प्रत्येकाचे दोन मोठे घोट. मग दही, लोणी, चीज. दुपारपर्यंत पोट असं तुडुंब भरलेलं असायचं की डबा उघडावासाच वाटायचा नाही. वाटीभर दही खाल्लं की झालं जेवण. घरी गेल्यावर दुधाचा चहा आणि झोपताना पुन्हा कपभर दूध, सवयच पडलेली. असं सव्वीस वर्षं चाललं होतं.

एवढं दूध पोटात गेल्यावर पोट गप्प बसेल होय? कधी दोन-दोन दिवस खडा, कधी बस चुकेल अशी घाई, आणि गॅस तर घरातलाच माणूस. डेअरीत याची कुणाला लाज नव्हती. आपल्या लोकांची शी फिकट असते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बॉयलरवाले काका तर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात गंभीर चेहऱ्याने विचारायचे, ‘‘काय, पांढरं निशाण फडकलं का?’’ नवा माणूस लाजायचा आणि बाकीचे हसून बेजार व्हायचे. बाईही हसायच्या. पण त्यांचं हसू ओठांपर्यंतच यायचं.

त्याला कारण होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, एका सकाळी, त्यांचे वडील संडासातून बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, डेअरीच्या प्रयोगशाळेत नुकत्याच लागलेल्या आणि त्यामुळे जगातलं सगळं कळू लागलेलं. वडील हळूच म्हणाले, ‘‘अगं, रंग फारच उडालाय यावेळी.’’ बाई कपात चहा ओतता ओतता हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, दुधाचंच आहे ते.’’ शिकलेली लेक म्हणाली म्हणजे झालंच. वडील निश्चिंत झाले. पाच आठवड्यांनी त्यांचे डोळे पिवळे पडले. पित्ताच्या नळीवर गाठ निघाली. सर्जन म्हणाले, ‘‘महिनाभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.’’ वडील त्याच हंगामात गेले. बाईंनी चहा ओतताना म्हटलेलं ते वाक्य कुणालाच सांगितलं नाही, लग्नानंतर नवऱ्यालाही नाही.

आणि आता, एका मंगळवारी, बाई स्वतः संडासात वाकून बघत होत्या. नेहमीचा फिका रंग हा नव्हता. त्याच्याही पलीकडचा होता. जुन्या खडूसारखा, निदान त्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तसा. त्यांनी घाईघाईने फ्लश ओढला, जणू कुणी बघितलं तर ते खरं ठरेल. मग हात तीनदा धुतले आणि कामावर गेल्या. त्या दिवशी त्यांनी एक बरा टँकर नापास केला. तोंडाला सगळंच कडू लागत होतं.

भीती माणसाला शहाणं करते म्हणतात. बाईंना तिने ठार वेडं केलं. हातातला छोटा आरसा घेऊन त्या खिडकीशी जायच्या, खालची पापणी ओढायच्या आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळं शोधायच्या. इतका वेळ बघितल्यावर कुणाच्याही डोळ्यात काहीतरी पिवळं दिसतंच. अंगाला खाज सुटते हे वडिलांच्या वेळचं आठवलं आणि त्याच क्षणी दंड खाजायला लागला. कधी वाटायचं, दुधाचंच असणार, आपण उगीच घाबरतोय. पण हे वाक्य मनात उमटलं की त्या आणखीच घाबरायच्या. ते वाक्य कसं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्यांचे यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान, तेलाचा वास आणि सुटे भाग. माणूस अबोल, पण नजर बारीक. त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘अगं, या वयात एवढं आरशात काय बघतेस? कुणी नवा ड्रायव्हर आलाय का?’’

‘‘डोळ्यात कचरा गेलाय,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तीन दिवस?’’

बाई आरसा घेऊन आत गेल्या. यजमान चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे बघत राहिले.

आणि मग बाईंनी ती चूक केली, जी फक्त डेअरीतला माणूसच करू शकतो. दुधाने पोट बिघडलं तर ताकाने सुधारतं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. बाईंनी ताक सुरू केलं. सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर. उरलंसुरलं जेवणही सुटलं, कारण भीतीने घास गिळवत नव्हता आणि ताक मात्र सहज उतरत होतं. म्हणजे आगीवर पाणी समजून तेलच ओतणं चाललं होतं. पोट फुगून ढोल झालं, तीन दिवस काही झालंच नाही, आणि चौथ्या दिवशी जे झालं ते आणखी पांढुरकं. बाई संडासाच्या दाराला आतून टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना आपली लेक आठवली, जिचं लग्न ठरत आलं होतं. आणि वडिलांचं शेवटचं पांघरूण आठवलं.

त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं. ‘‘मावशी, चेहरा काय झालाय तुमचा? पोट का?’’ बाईंनी कशीबशी मान हलवली. रंगाचंही तोंडातून निघून गेलं. मुलगी नुकतीच शिकून आलेली, हुशार. परीक्षानळी धुता धुता, मागे वळूनही न बघता ती म्हणाली, ‘‘दुधाचंच असेल हो. आपल्या सगळ्यांचं तसंच असतं.’’

बाई ताडकन उठल्या. मुलीला वाटलं, आपलं काही चुकलं. बाईंनी टोपी आणि एप्रन खुंटीला अडकवला, पर्यवेक्षकाला ‘‘घरी जाते’’ एवढंच सांगितलं आणि घरी न जाता सरळ दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वडिलांचं ऐकताना त्यांनी लिहायचं थांबवलं. मग डोळे तपासले, पोट दाबून बघितलं, आणि विचारलं, ‘‘लघवी गडद होते का? चहासारखी?’’

‘‘नाही.’’

‘‘रंग कसा? फिकट पिवळा, की चिकणमातीसारखा राखाडी-पांढरा?’’

‘‘आमच्या संडासात बल्ब पिवळा आहे,’’ बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांना स्वतःचीच कीव आली.

‘‘मग दिवसाच्या उजेडात बघा. आणि दिवसभरात दूध किती जातं पोटात?’’

बाईंनी बोटांवर हिशेब मांडला. नमुने, दही, चीज, चहा, रात्रीचा कप, वर ताक. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘आणि भाजी? फळं? डाळी?’’ बाईंनी नकारार्थी मान हलवली. ‘‘म्हणजे तुम्ही गेली काही वर्षं तान्ह्या बाळाचा आहार घेताय. एवढं दूध, आणि चोथ्याचं नाव नाही, तर शौच घट्ट आणि फिकट होणारच. गॅसही होणार. पण ऐका. शौचाला रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात पोचतच नसेल, तर जो पांढरा रंग येतो तो दुधाचा नसतो, आणि त्याला एक दिवसही थांबायचं नसतं. तुमचं कुठलं आहे, हे मी इथे बसून सांगणार नाही. आज रक्त द्या. सोमवारी सोनोग्राफी. आणि आत्तापासून दूध, दही, ताक, चीज, सगळं बंद. दुधाचा चहासुद्धा नाही. भाज्या, फळं, पाणी. रंग परत येतो का बघू.’’

‘‘पण माझं कामच...’’

‘‘थुंका,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या टँकरपाशी बाईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि त्यांचा गळा आपोआप गिळायला निघाला. त्यांनी तो महत्प्रयासाने अडवला आणि बेसिनकडे वळून थुंकल्या. ड्रायव्हरचा चेहरा पडला. ‘‘मावशी, एवढं वाईट आहे का?’’ तो म्हणाला. ‘‘नाही रे, चांगलं आहे,’’ बाई म्हणाल्या, आणि मान डोलावली. सकाळभर त्या थुंकत राहिल्या. बॉयलरवाले काका दारात येऊन बघून गेले, पण थट्टा करायची त्यांनाही हिंमत झाली नाही.

घरी त्यांनी संडासातला बल्ब बदलायला सांगितला. यजमानांनी कारण न विचारता पांढरा बल्ब लावून दिला. पण त्या संध्याकाळी पानात नुसत्या उकडलेल्या भाज्या आणि काळा चहा बघितल्यावर मात्र त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘आता सांग,’’ ते म्हणाले. बाईंनी सांगितलं. रक्ताचं, सोनोग्राफीचं, रंगाचं. चहा ओततानाचं वाक्य तेवढं गाळलं. यजमान उठले, बाहेरून पपई घेऊन आले आणि तिच्या फोडी करत बसले. 

रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांत आला. सगळं जागेवर होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर तसं सांगितलं, तरी बाईंचा विश्वास बसेना. कागदाचं काय, कागद कुणाचाही असू शकतो. त्यांना रंग हवा होता. दूध सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी थोडंसं झालं, तेही फिकटच, आणि त्या दिवशी बाईंनी कपाटात जाऊन लेकीसाठी जपून ठेवलेल्या वस्तू एका पिशवीत काढून ठेवल्या. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, तरी हात थांबेनात.

पाचव्या दिवशी सकाळी, नव्या पांढऱ्या बल्बच्या उजेडात, बाईंनी वाकून बघितलं. आणि पुन्हा बघितलं. मग आतूनच हाक मारली, ‘‘अहो, जरा इकडे या.’’

‘‘काय झालं? पडलीस का?’’

‘‘नाही. या ना. हे बघा.’’

यजमान आले. हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि एखादं बिघडलेलं यंत्र उघडून बघावं तसं लक्ष देऊन बघितलं. नाक मुरडलं नाही, घाई केली नाही. ‘‘तपकिरी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘चांगला तपकिरी आहे. सोमवारी तरीही जायचं बरं का. पण हे चांगलं आहे.’’

बाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि त्या मोठ्याने रडायला लागल्या. यजमानांना वाटलं, सुटकेचं रडू आहे. ‘‘झालं ना आता,’’ ते पाठीवर हात फिरवत म्हणाले. पण रडू थांबेना, उलट वाढतच गेलं. तेव्हा त्यांनी बाईंना बाहेर आणून शिवणयंत्राच्या स्टुलावर बसवलं.

बाईंनी त्यांना वडिलांची ती सकाळ सांगितली. दारातले वडील, कपातला चहा, ‘‘दुधाचंच आहे’’. यजमान म्हणाले, ‘‘तू बावीस वर्षांची होतीस. न बघता तुला कसं कळणार होतं?’’

‘‘ते म्हणाले होते, ये, जरा बघ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोनदा म्हणाले. मी म्हटलं, शी बाबा, मी नाही बघणार. मग ते आत गेले आणि त्यांनी पाणी ओतलं.’’