काचबाईंचा बुधवारचा तास

गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे काचबाई म्हणतात. त्यांचे वडील काचा कापायचे आणि लग्न होईपर्यंत दुकानातला फोन याच घ्यायच्या. गिऱ्हाईक मापं उलटसुलट सांगायचं, काच वाया जायची आणि बोलणी यांना बसायची. तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे, की गणित वहीत बरोबर येऊन भागत नाही, ते दुसऱ्याला नीट सांगताही आलं पाहिजे.

म्हणून दर बुधवारी त्या एक वेगळा तास घेतात. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एक जण चौकट मोजून तोंडी माप सांगतो, दुसरा नुसतं ऐकून पुठ्ठा कापतो. पुठ्ठा चौकटीत बसला नाही की दोघांची जुंपते. मी शेजारच्या वर्गात भाषा शिकवते, त्यामुळे ही भांडणं थेट माझ्या कवितेत घुसतात. खरं सांगायचं तर मला त्या तासाचा वैताग यायचा.

यंदा मुख्याध्यापिकांनी तो तास परीक्षेच्या सरावाला द्यायचं ठरवलं. काचबाई हटून बसल्या.

"प्रयोगशाळेच्या सहा काचा फुटल्यात. मुलं मोजतील, मुलंच फोनवरून मागवतील. एक जरी बसली नाही, तर तास तुमचा."

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय," मी त्यांना बजावलं. वर त्यांनी फोनसाठी निवडलं कुणाला, तर पुटपुटीला. ही मुलगी हजेरी इतकी हळू देते, की मी दोनदा तिची गैरहजेरी लावली आहे.

"तिचं माप चुकत नाही," काचबाई म्हणाल्या.

ऑफिसातल्या फोनचा स्पीकर लावला. पुटपुटीने प्रत्येक चौकट मोजून त्यातून तीन मिलिमीटर कमी केले होते, कारण काच चौकटीपेक्षा जराशी लहानच लागते. तिने सहाही मापं वाचली. "बरं, बरं, आलं लक्षात," म्हणत काचवाल्याने फोन ठेवला.

काचबाईंचा चेहरा पडला. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात ओढलं.

"तो ही मापं चौकटीची समजणार आणि आणखी तीन कमी करणार," त्या म्हणाल्या. "हात बसलेला असतो. वडीलही करायचे. सगळ्या काचा खुळखुळतील."

"मग सांगा तिला."

"नाही."

"अहो, तास जाईल."

"जाऊ दे. मी सांगितलं, तर तिला काय आलं?" त्या म्हणाल्या. मला संताप आला. हट्टाला काही मर्यादा?

आम्ही आत आलो तेव्हा पुटपुटी कागदावर बोट ठेवून उभी होती. "त्यांनी विचारलंच नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "माप काचेचं की चौकटीचं."

तिने आमच्याकडे पाहिलं आणि स्वतःच फोन उचलला.

"मघाशी शाळेतून बोलले ना, तीच मी. ती मापं काचेची आहेत. तुम्ही कमी करू नका."

"आम्ही नेहमीच करतो गं."

"या वेळी नको. आम्ही केलंय. आता लिहिलेलं वाचून दाखवा."

"दुकानात गर्दी आहे."

"मी थांबते." हे व्हरांड्यातल्या शिपायालाही ऐकू गेलं.

त्याने कुरकुरत वाचलं. चौथ्या काचेचा एक आकडाही चुकीचा निघाला. तिने तो दुरुस्त करायला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतलं.

शुक्रवारी काचा आल्या आणि सहाच्या सहा बसल्या. मुख्याध्यापिकांनी प्रत्येकीवर बोट दाबून पाहिलं.

"ठीक आहे, ठेवा तुमचा तास," त्या म्हणाल्या. "पण मग सरावाला तास आणू कुठून?"

दोन वर्षं मी त्या मुलीला कविता म्हणायला उभं करून "आवाज काढ, आवाज काढ" करत होते. तिला सांगण्यासारखं काही द्यावं, हे मला एकदाही सुचलं नाही. मला फार लाज वाटली.

"माझा एक घ्या," मी म्हणाले.