गाऱ्हाण्याआधी एकेक ठोका

सुविधाने घोळ घातला तो शुक्रवारी, म्हापशात. जुनी यंत्रं विकणाऱ्या सगुणशेटच्या गोदामात पत्रा ठोकून कापणारा जुना पॉवर प्रेस धडाधड चालत होता, बाहेर बाजाराची गर्दी, त्यात पेडण्याची बस सुटायची घाई. तिने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि डिचोलीच्या गोकुळदासला फोनवर सांगून टाकलं, "घे." सलग चालणारा प्रेस बघून काही ठरवू नये, एकेक ठोका मारून बघावा, हे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना तिनेच शिकवलेलं. त्या दिवशी आपलं शहाणपण तिने बहुधा बसमध्ये जागा धरायला पुढे पाठवलं होतं.

सुविधाचा धंदाच हा. कारखानदाराने कुठला प्रेस घ्यावा, नवा की जुना, किती ताकदीचा, हे ती सांगते. मोबदला फक्त घेणाऱ्याकडून. विकणाऱ्याकडची चवथीच्या फराळातली नेवरीसुद्धा तिला चालत नाही. विक्रेते तिला पाठीमागे वकीलबाय म्हणतात. "मग हरता कशाला?" असं ती तोंडावर विचारते.

घोळ ध्यानात आला तोवर प्रेस टेंपोतून डिचोलीला पोचलाही होता. ती धावत गोकुळदासच्या शेडमध्ये शिरली. इथे दाराच्या बिजागऱ्या बनतात. यंत्राला हार चढला होता, गावातला जाणता माणूस गाऱ्हाणं घालायला उभा होता आणि नारळ घेऊन खुद्द सगुणशेट. इकडे गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालून नारळ फुटला की यंत्र घरचं झालं. देवाला सांगितलेली वस्तू परत कोण करणार? सगुणशेटला हे पाठ होतं.

"थांबा," सुविधा म्हणाली.

"आता कसली परीक्षा, बाय? तूच हो म्हणालीस मगो!"

"म्हणाले. चुकले. म्हणून मीच थांबवते."

"मुहूर्त टळतो गो."

"टळूं दी. उद्यापासून या दट्ट्याखाली हात घालणार ती भागीरथी. तिची बोटं गेली तर मुहूर्त जोडून देणार आहे?"

भागीरथी चंदगडकडची. पत्रा आत सरकवायचा, पेडल दाबायचं, बिजागरी काढायची, हे तिचं काम. ती ओशाळली. "ताई, कशाला भांडण? मी सांभाळून करीन की."

"तू सांभाळशील गो. हा सांभाळेल का ते बघूया."

गोकुळदास हातातल्या उदबत्तीसारखा जागच्या जागी जळत उभा राहिला. चहाबरोबर खायला आणलेल्या उंड्यांतला एक सुविधाने दट्ट्याखाली ठेवला, पेडल दाबलं आणि पाय मागे घेतला. धाप! पावाची पोळी झाली. दट्ट्या वर जाऊन गप्प बसला. लोक हसले. दुसरा उंडो, तीच तऱ्हा. तिसरा, तीच.

"झालं समाधान?" सगुणशेट म्हणाला. "की अख्खी बेकरी चेपणार?"

तिने आणखी एक ठेवला. ठोका पडला. दट्ट्या वर गेला. तिने काठीने चेपलेला पाव बाहेर ओढायला घेतला, आणि पेडलजवळ कुणाचाही पाय नसताना दट्ट्या पुन्हा खाली आला. काठीचं टोक आत राहिलं.

कुणी हसलं नाही.

"क्लच झिजलाय," सुविधा म्हणाली. "सलग चालताना हे कळत नाही."

"असं कधी मधी होतं," सगुणशेट म्हणाला. "दुरुस्त करून देतो. आधी नारळ फोडून घेऊ."

आता भागीरथीच पुढे आली. "शेट, कधी मधीच होतं न्हवं? मग तुम्ही बसा की. एक बिजागरी काढून दावा."

सगुणशेटने नारळ खाली ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले.

गोकुळदासने यंत्राच्या गळ्यातला हार काढला.

"वकीलबाय, म्हापशात आता तुला कुणी दारात उभं करणार नाही," सगुणशेट जाता जाता म्हणाला.

"दारात कशाला? आत येऊन पेडल दाबीन."

प्रेस परत टेंपोत चढवायला सगुणशेटचा एकही माणूस थांबला नाही. शेजारच्या शेडमधला शंभू पहारी आणि लोखंडी नळ्या घेऊन चार जणांसह आला. सुविधानेही खांदा लावला. घामाघूम झालेल्या शंभूने भाजीपाव मागितला, तिने कबूल केला. मात्र नवा प्रेस बसेल त्या दिवशी.

त्यानंतर सुविधाने आणखी दोन प्रेस नाकारले. भागीरथी अजून हातप्रेसवर बिजागऱ्या काढते, दहाही बोटांनी. शंभू रस्त्यात दिसला की हाक मारतो, "बाय, भाजीपाव थंड झाला गो!"

"गरम करून देईन," ती चालता चालता म्हणते. "सांगितलेलं ऐकणारा प्रेस आधी मिळूं दी."