वहिनीचं पितळी कडं

फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या मासळी बाजारात उभी होते. "आत्या, आई गेली," एवढंच भाचा बोलला. समोरची विक्रेती एका गिऱ्हाइकाला ऐकवत होती, "धरनाचा माल हाय बाई, बारका नाई भेटत." ते धरण म्हणजे अमरावतीकडच्या आमच्या माहेरगावचं, आणि तिथून बारका मासा बाजारात येत नाही ही सगळी माझ्या वहिनीची करणी... खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला अभिमान वाटला. महिना उलटून गेला, तरी तो उतरलेला नाही.

आम्ही भोई. धरणातली मासेमारी आमच्या गावच्या संस्थेकडे ठेक्यानं आहे. माझा भाऊ अकाली गेला आणि त्याच्या जागी कौसल्यावहिनी सभासद झाली, तेव्हा संस्थेची अवस्था वाईट होती. पावसाळ्यात सोडलेलं बोटभर बीज वाढायच्या आधीच जाळ्यात यायचं आणि मातीमोल भावानं जायचं. थांबलं तर तोच मासा कितीतरी पट भाव आणेल, हे न कळण्याइतकं कोणीच भोळं नव्हतं. "पन म्या सोडला त दुसरा धरीन ना," असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि म्हणणारा खरंच बोलायचा. ठेक्याचे पैसे थकत चालले होते. बाहेरचा एक ठेकेदार टपूनच होता. धरण त्याच्याकडे गेलं असतं तर आमची माणसं आपल्याच पाण्यावर रोजंदार झाली असती.

भाऊ गेल्यावर रीतीप्रमाणे वहिनीच्या काचेच्या बांगड्या फुटल्या. पितळी कडं तिनं स्वतःच उतरवलं होतं. वहिनीचं मनगट चांगलं दणकट, कडंही तसंच मोठं. संस्थेच्या सभेत तिनं ते कनवटीतून काढून सगळ्यांसमोर धरलं. म्हणाली, "याच्यातून जो मासा पार होते तो जित्ता हाय तवाच पान्यात सोडाचा. जो अटकते तो आपला. सोडाचा त समद्यायनं, नाई त कोनीच नाई."

आमचे चुलते संपतकाका ताडकन उठले. विधवेचं कडं जाळ्याजवळ नको, अपशकुन होतो म्हणाले. वहिनीनं पदर सावरला आणि चुलतसासऱ्यांना शांतपणे सांगितलं, "मामाजी, मी कोन हाय ते माशाले मालूम नाई." सभेत हशा पिकला आणि त्या हशातच ठराव पास झाला.

पण आमची माणसंही काही कमी नाहीत. मासा पाण्यावरच मापायचा, म्हणून जो तो घरून एक बांगडी घेऊन निघू लागला. संस्थेच्या वजनकाट्यावर बसून वहिनीनं माल पाहिला तर बारका मासा येतोच आहे. संपतकाकांची बांगडी मागून घेतली तेव्हा उलगडा झाला. काकांनी बायकोची सोडून पाळण्यातल्या नातीची बांगडी नेली होती! त्यातून काय पार होणार, कपाळ? वहिनी पोट धरून हसली, आणि मग तिनं काकांचा सगळा माल परत घरी पाठवला. सासऱ्याच्या नात्यातला माणूस म्हणून तिनं सवलत दिली नाही, हे बाकीच्यांनी नीट पाहिलं. पुढं तिनं आपल्या कड्याच्या मापाच्या तारेच्या रिंगा वळून घेतल्या आणि कडं काट्याच्या खोलीत खिळ्याला टांगलं. सकाळी, जिच्यावर बसून जाळी टाकायची ती हवा भरलेली ट्यूब पाण्यात लोटण्याआधी प्रत्येकानं आपली रिंग कड्याला लावून दाखवायची आणि मगच निघायचं.

तो पहिला हंगाम फार जड गेला. काट्यावर माल थोडा, घरोघरी कुरकुर. बायका पाणवठ्यावर तिच्याशी बोलेनात. मी अकोल्याहून गेले तेव्हा म्हटलं, "वहिनी, सोड ना हा नाद." ती भाकरी थापत म्हणाली, "बाई, मासा वाढून रायला. मानसायनंच दम नाई धरला त तो काय करीन?"

आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जाळी जड येऊ लागली... एकेक कतला दोन्ही हातांनी उचलावा असा! जो व्यापारी आमच्या माणसांना दारात ताटकळत ठेवायचा, त्याची गाडी धरणाच्या भिंतीखाली येऊन उभी राहिली. भाव वहिनीनं सांगितला आणि त्यानं निमूट दिला. ठेका फिटला, ठेकेदार आल्या वाटेनं परत गेला. त्या दिवशी गावात डफडं वाजलं. संपतकाका सगळ्यात मोठा कतला खांद्यावर घेऊन नाचले, आणि वहिनी ओट्यावर बसून लाजेनं लाल झाली होती.

त्या फोननंतर मी गावी पोचले तेव्हा वहिनीला शेवटचं न्यायची तयारी चालली होती. भाच्यानं खिळ्यावरून कडं काढून आणलं होतं. आईच्या हातात घालून द्यावं, अशी त्याची इच्छा. तेवढ्यात म्हातारे संपतकाका काठी टेकत पुढं आले आणि त्यांनी भाच्याचा हात धरला.

"बापू, नेऊन टांग तिथंच. उद्या पोट्टे पान्यात कायच्या मापानं उतरतीन?"

भाच्यानं कडं परत नेऊन खिळ्याला टांगलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी काट्याच्या खोलीत गेले. नुकतं उजाडलं होतं. माणसं रांगेत येत होती, आपापली रिंग कड्याला लावत होती आणि पाण्याकडे जात होती. खोलीत कोणी तपासायला नव्हतं. वहिनी बसायची ती खुर्ची रिकामीच होती. तरी एकही जण कड्याला रिंग लावल्याशिवाय पुढं गेला नाही.